'नामा म्हणे' : एक मुद्रा, अनेक कर्ते

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतील स्त्रीचित्रणावर निबंध लिहिला होता. निबंध कष्टाने लिहिलेला होता. 'पण लक्षात कोण घेतो' मधील यमूची निमूट शोकांतिका आणि 'न पटणारी गोष्ट' मधील, वृद्धाशी लग्न लावून दिलेल्या तरुणीचा विरोध यांची त्याने बारकाईने तुलना केली होती आणि हरिभाऊंची दृष्टी उत्तरकाळात अधिक धीट होत गेली, असा निष्कर्ष काढला होता. अडचण एवढीच होती की दुसरी कादंबरी हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची नव्हेच. ती नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) यांची. १९२३ साली प्रसिद्ध झालेली, आणि पुढे १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी जिच्यावरून 'कुंकू' हा बोलपट काढला ती. ग्रंथालयातील एका खणात दोघांची पत्रे एकत्र लागली होती आणि विद्यार्थ्याने त्या पत्रांवर विश्वास ठेवला होता.

चूक हास्यास्पद होती, तरी मी हसू शकले नाही. त्या निबंधातील युक्तिवाद चांगला होता हे त्याचे कारण. विद्यार्थ्याने जो विकास पाहिला होता तो मराठी कादंबरीत खरोखरच घडलेला होता. तो एका माणसाच्या आयुष्यात घडलेला नव्हता, एवढेच. दोन कृती एका नावाखाली आल्या की त्यांना जोडणारे सूत्र समीक्षकाला सापडतेच, आणि त्याच कृती दोन नावांखाली गेल्या की त्यांच्यातील विसंगती तितक्याच सहजपणे दिसू लागते. म्हणजे नाव हे वाचनाच्या शेवटी लावायचे लेबल नसते, ते वाचनाच्या आधीच काम करू लागलेले असते. आपट्यांच्या बाबतीत मुखपृष्ठ, प्रकाशनवर्ष आणि मृत्यूची तारीख ही साधने हाताशी असल्यामुळे पाच मिनिटांत निकाल लागतो. प्राचीन मराठी वाङ्मयात ही साधने नसतात. तेथे असते ती केवळ नाममुद्रा; आणि निकाल द्यायचा असतो तो मुख्यतः आपल्या वाचनाच्या बळावर.

मिशेल फूको यांनी १९६९ मधील 'लेखक म्हणजे काय?' या प्रसिद्ध व्याख्यानात या प्रश्नाला ओझरता पण मार्मिक स्पर्श केला आहे. केवळ नाव सारखे म्हणून कृती एकाच कर्त्याच्या ठरत नाहीत, हे संत जेरोम यांनी ओळखले होते, असे ते सांगतात. आणि जेरोम यांनी वापरलेल्या चार कसोट्या नोंदवतात. एखादी कृती त्या कर्त्याच्या इतर कृतींहून हिणकस असेल तर ती वगळावी. त्याच्या इतर कृतींतील सिद्धान्ताशी ती विरोधी असेल तर वगळावी. शैली वेगळी असेल, एरवी न येणारे शब्द व वळणे येत असतील तर वगळावी. कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या घटना वा व्यक्ती तिच्यात येत असतील तर वगळावी. आधुनिक समीक्षेची लेखककल्पना या जुन्या कसोट्यांपासून फारशी दूर गेलेली नाही, असे फूको यांचे म्हणणे आहे. आपल्याकडील नामसादृश्याचे वाद या दृष्टीने तपासले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. जेरोम यांचे नावही ज्यांच्या वाचनात आले असण्याची शक्यता कमी, अशा आपल्या संशोधकांनी नेमक्या याच चार कसोट्या वापरल्या आहेत. त्यांतली चौथी कसोटी वस्तुनिष्ठ म्हणता येईल. उरलेल्या तिन्हींत वाचकाची अभिरुची आणि कर्त्याविषयीचा पूर्वग्रह कमीअधिक प्रमाणात मिसळलेला असतो.

पहिला मोठा वाद ज्ञानेश्वरांविषयीचा. शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस अशी मांडणी केली की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानदेव या दोन भिन्न व्यक्ती होत. पहिले नाथपंथीय, शैव वळणाचे, आपेगावचे; दुसरे विठ्ठलभक्त, आळंदीचे. (एका नावातून दोन माणसे बाहेर काढणारा हा लेखक स्वतः 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहीत होता, ही गंमतही नोंदवण्यासारखी आहे.) ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्तीचा ठळक उच्चार नाही आणि अभंगांत ती ओतप्रोत भरलेली आहे, ज्ञानेश्वरीची भाषा जुनी आणि अभंगांची त्या मानाने अर्वाचीन, हे त्यांच्या युक्तिवादाचे मुख्य आधार. म्हणजे जेरोम यांची दुसरी आणि तिसरी कसोटी. भिंगारकरबुवांसारख्या सांप्रदायिकांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले, आणि पुढे विद्वानांचा कौलही साधारणपणे ऐक्याच्या बाजूने गेला.

भारदे यांचा निष्कर्ष मलाही मान्य नाही. तथापि त्यांच्या युक्तिवादातील भाषाविषयक भाग ज्या कारणाने कोसळतो ते कारण आपल्याला पुढेही लागणार आहे. ज्ञानेश्वरी ग्रंथरूपाने टिकली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिच्या पाठाची शुद्धी केली, म्हणजे पाठ जपण्याची काळजी तिच्या वाट्याला फार लवकर आली. अभंग गळ्यावर टिकले. गाणारा ज्या काळाचा त्या काळाची विभक्ती, त्या काळाची क्रियापदे अभंगात शिरतात, आणि तीही कोणी लबाडीने घातलेली नसतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त केले म्हणून त्यांची यादवकालीन मराठी बरीचशी जशीच्या तशी राहिली. वारकऱ्यांनी आपली कविता वाळवंटात मोकळी सोडली, म्हणून ती प्रत्येक पिढीबरोबर नवी होत गेली. तेव्हा अभंगाची भाषा अर्वाचीन आहे यावरून गाणाऱ्याचा काळ कळतो, रचणाऱ्याचा कळेलच असे नाही.

वामन पंडितांविषयीच्या वादात येथे फार थांबण्याचे कारण नाही. 'यथार्थदीपिका' लिहिणारा कठोर अद्वैती आणि आख्यानांत रमणारा शृंगारप्रिय श्लोककार हे एकच कसे, या अस्वस्थतेतून तेथे एकाहून अधिक वामन कल्पिले गेले. एकाच माणसाने सकाळी गीताभाष्य आणि संध्याकाळी वेणुवर्णन लिहिणे आपल्याला अशक्य का वाटावे, हा प्रश्न वामनापेक्षा आपल्याविषयीच अधिक सांगून जातो.

नाम्याचे प्रकरण मात्र या दोहोंहून गुंतागुंतीचे आहे. ज्ञानेश्वर आणि वामन यांच्या बाबतीत दुसरी व्यक्ती होती काय, हाच वादाचा विषय आहे. नाम्याच्या बाबतीत दुसरी व्यक्ती होती याविषयी वाद नाही. दामाशेटी आणि गोणाई यांचा मुलगा, पंढरपूरचा शिंपी, ज्ञानेश्वरांचा सांगाती, कीर्तनाच्या रंगी नाचणारा नामदेव (१२७०–१३५०) हा एक. महाभारताची कथा मराठी ओवीत आणणारा, एकनाथांच्या काळाच्या आसपासचा विष्णुदास नामा हा दुसरा. अश्वमेधाचे आख्यान रचणारा केंदूरचा नामा पाठक हा आणखी एक. शिवाय शिखांच्या आदिग्रंथात, म्हणजे १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या संहितेत, ज्याची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे ज्याचे स्थान आहे तो भगत नामदेव. हा पंढरपूरचाच, असे परंपरा मानते. तो वेगळा असावा, अशीही शंका अभ्यासकांनी घेतली आहे. एकाचा व्यवसाय शिवणकामाचा आणि कीर्तनाचा, दुसऱ्याचा पोथी सिद्ध करून ती श्रोत्यांपुढे सोडवण्याचा, तिसऱ्याचे आडनावच पाठक. भगताला पंजाबात 'छीपा' म्हणून ओळखतात. नाव मात्र सर्वांचे एकच, आणि मुद्राही एकच : 'नामा म्हणे'.

परिणामी नामदेवाची छापील गाथा ही या सर्वांच्या सरमिसळीची जागा झाली. तीत 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा असलेली पदे आहेत, नुसत्या 'नामा' मुद्रेची आहेत, आणि उत्तरकालीन वाटणारी आख्यानेही आहेत. १९७० साली निघालेल्या शासकीय गाथेमुळे अभ्यासकांच्या हाती एक मोठी संहिता आली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण संहिता हाती येणे आणि तिच्यातील कर्ते वेगळे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ते वेगळे करण्याचा सोपा मार्ग म्हणून मुद्रेतील 'विष्णुदास' या शब्दाकडे बोट दाखवले जाते. जेथे 'विष्णुदास नामा' तेथे सोळाव्या शतकातील कवी, जेथे नुसता 'नामा' तेथे संत. ही कसोटी वरवर निर्दोष दिसते. परंतु 'विष्णुदास' हे येथे विशेषनाम आहे की विशेषण? पंढरीच्या नामदेवाने स्वतःला विष्णूचा दास म्हणवून घेऊ नये असे काय आहे? संतकवितेत दास हा शब्द जातिवाचक, व्यवसायवाचक शब्दांइतकाच मुद्रेत सहज मिसळतो. उलट महाभारतकार नाम्याने एखाद्या पदात छंदाच्या सोयीसाठी नुसते 'नामा' म्हटले असेल तर ते पद संतांच्या खात्यावर जमा होणार. म्हणजे मुद्रेचे व्याकरणच संदिग्ध आहे. आणि जेथे व्याकरण संदिग्ध तेथे संपादक मुकाट्याने जेरोम यांच्या पहिल्या कसोटीकडे वळतो. पद उत्कट असेल तर ते नामदेवाचे. सपाट, वर्णनपर, पाल्हाळिक असेल तर ते 'दुसऱ्या' नाम्याचे.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. या व्यवहारात विष्णुदास नामा हा कवी न राहता निचऱ्याची जागा होतो. नामदेवाच्या गाथेतून जे काढून टाकायचे त्याला ठेवायला कोणीतरी हवा, म्हणून तो हवा. त्याच्या वाट्याला येणारी पदे त्याची म्हणून निवडलेली नसतात, नामदेवाची नकोत म्हणून टाकलेली असतात. मग त्या टाकलेल्या पदांवरूनच 'विष्णुदास नामा सामान्य प्रतीचा कवी होता' असा अभिप्राय वाङ्मयेतिहासात उमटतो, आणि पुढची पिढी त्या अभिप्रायाच्या आधारे आणखी सामान्य पदे त्याच्याकडे लोटते. हे वर्तुळ आहे, आणि ते आपण पुरावा म्हणून वापरत आलो आहोत. दुसऱ्या बाजूने मुक्तेश्वर उभा आहे. महाभारत म्हटले की आपल्या अभ्यासक्रमात मुक्तेश्वर येतो, आणि विष्णुदास नामा येतो तो त्याचा पूर्वसूरी म्हणून, एका परिच्छेदात. संताच्या मागे आणि पंडितकवीच्या पुढे अशा चिंचोळ्या जागेत या माणसाला आपण उभे केले आहे. प्रचंड कथासंभार सामान्य श्रोत्याच्या ओवीत आणण्याचे काम त्याने अंगावर घेतले, हे त्याचे कर्तृत्व अभंगाच्या मापाने मोजताच येणार नाही. अभंग क्षणाला पकडतो. महाभारतकाराला शेकडो ओव्यांपर्यंत श्रोता जागा ठेवायचा असतो. पाल्हाळ हा पहिल्याचा दोष असेल, दुसऱ्याच्या बाबतीत तो धंद्याचा भाग आहे.

अलीकडच्या काळात या कोड्याची दुसरीच उकल पुढे आली आहे. उत्तरेतील भक्तिकवितेच्या संदर्भात जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मध्ये असे दाखवले की पदाच्या अखेरीस येणारे कवीचे नाव हे कर्त्याची सही असण्यापेक्षा अधिकाराची ग्वाही असते. ते पदामागे कोणाची पुण्याई उभी आहे हे सांगते. ख्रिश्चन नोव्हेट्स्की यांनी २००८ च्या आपल्या नामदेवविषयक ग्रंथात ही दिशा मराठी कीर्तनपरंपरेपर्यंत नेली. कीर्तनकाराचे बाड आणि ग्रंथाची पोथी यांत त्यांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो. बाड हे प्रयोगासाठी असते, त्यात भर घालता येते; पोथी नकलून घ्यायची असते. नामदेव हा अशा प्रयोगांतून शतकानुशतके घडत गेलेली सामूहिक स्मृती आहे, अनेक नामे त्या एका नावात स्वेच्छेने विरघळले आहेत, अशी त्यांची भूमिका थोडक्यात सांगता येईल. खरा नामदेव कोणता हा प्रश्न मग गौण ठरतो.

या मांडणीने आपली बरीच व्यर्थ खटपट थांबवली, हे मान्य केले पाहिजे. पंजाबातील पदे आणि पंढरपूरचे अभंग यांची भाषा, देवकल्पना, सूर जुळत नाहीत म्हणून दोन नामदेव कल्पिण्याची गरज तिच्यामुळे राहत नाही. पुणे विद्यापीठातर्फे १९६४ मध्ये भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी संपादित केलेली हिंदी पदावली असो वा विनांद कालवार्त आणि मुकुंद लाठ यांचे १९८९ मधील संपादन असो, ही पदे वाचताना मूळ माणूस शोधण्यापेक्षा नाव प्रदेश ओलांडताना काय काय अंगावर घेते ते पाहणे अधिक फलदायी आहे.

परंतु विष्णुदास नाम्याचे काय? सामूहिक कर्तृत्वाची ही उदार छत्री त्याच्यावरही धरली जाते आणि तो पुन्हा एकदा नाहीसा होतो. विभाजनवाद्यांनी त्याला उकिरडा केले. ऐक्यवादी त्याला प्रवाहातला थेंब करतात. दोन्हीकडे त्याचे स्वतःचे असे काही उरत नाही. बाड आणि पोथी हा भेद त्याच्या बाबतीत काटेकोरपणे लावला तर वेगळेच उत्तर येते. त्याचे महाभारत पोथीचे वाङ्मय आहे. तेथे नाव प्रसंगाच्या वा अध्यायाच्या अखेरीस येते, नकलणारा ते नकलतो, आणि कर्ता ग्रंथाला बांधलेला राहतो. सरमिसळ झाली ती त्याच्या पदांची, जी बाडांतून फिरली. मग क्रम उलटा करता येणार नाही काय? गाथेतून उरलेले त्याला देण्याऐवजी त्याच्या पोथ्यांपासून सुरुवात करावी. त्याची क्रियापदांची सवय, उपमांचे क्षेत्र, श्रोत्याला हाक मारण्याची त्याची पद्धत, यमकांची त्याची लकब तेथे निश्चित करावी. आणि मग गाथेतील कोणती पदे या हाताची दिसतात ते पाहावे. निष्कर्ष अपुरेच निघतील. भाषा बदलत गेल्याची जी अडचण ज्ञानदेवाच्या अभंगांना आहे तीच येथेही येईल. पण निदान त्याचे माप त्याच्या कामावरून घेतले जाईल. ज्या पदांचा निर्णय लागत नाही ती अनिर्णीत म्हणून वेगळी छापावीत. निर्णय न देणे हाही संपादकाचा एक प्रामाणिक निर्णय असतो.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जाईल. विष्णुदास नाम्याला न्याय मिळावा एवढेच त्याचे प्रयोजन नाही. नामदेवाच्या नावावर असलेली 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' ही तीन प्रकरणे म्हणजे ज्ञानेश्वरांच्या चरित्राचा आपला मुख्य आधार आहे. समाधीच्या प्रसंगाचे जे चित्र मराठी मनात कोरले गेले आहे ते याच प्रकरणातून आलेले आहे. 'नामा म्हणे' यातील नामा जर तेथे सोबती असेल तर ते साक्षीदाराचे निवेदन ठरते; तो जर दोन-तीन शतकांनंतरचा कवी असेल तर ते एका चांगल्या कथनकाराचे काम ठरते. दोन्ही वाचने मोलाची आहेत, पण ती एक नव्हेत. साक्ष म्हणून वाचताना आपण प्रसंग खरा की खोटा हे विचारतो, आणि रचना म्हणून वाचताना तो असा का रचला हे विचारतो. या प्रकरणांतील शोकाची मांडणी, निरोप घेणाऱ्यांचा क्रम, देवालाही दुःखात ओढून आणण्याची युक्ती पाहिली की मला कथनकाराचा सराईत हात जाणवतो. मात्र हे माझे वाचन आहे. आणि 'पद उत्कट असेल तर नामदेवाचे' या न्यायाने ही प्रकरणे आजवर नामदेवाकडे राहिली असतील, तर 'रचना सराईत असेल तर दुसऱ्याची' हा माझा न्याय त्याहून फार शुद्ध आहे, असा दावा मला करता येणार नाही.

असा दावा मी एकदा केला होता, आणि तो जनाबाईविषयी. गंगाखेडची, दामाशेटीच्या घरी दासी म्हणून आलेली जनी आपल्या मुद्रेत स्वतःच्या नावाआधी दुसऱ्याचे नाव घेते : 'नामयाची जनी', 'नामयाची दासी'. नामा एकाहून अधिक असतील तर त्यांच्या जनीही एकाहून अधिक असू शकतात, हे ओघानेच आले. 'हरिश्चंद्राख्यान' आणि 'थालीपाक' ही तिच्या नावावरील आख्याने उत्तरकालीन, दुसऱ्या कुणा जनीची असावीत, असे मी अनेक वर्षे वर्गात सांगत आले. कारणे तयार होती : आख्यानाचा प्रकार, पुराणाची माहिती, भाषेचे वळण.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीने विचारले, की दळण-कांडणाचे अभंग तिचे यात मॅडमना शंका नाही, मग आख्यान तिचे नाही हे कशावरून? मी भाषेचे कारण दिले. ती म्हणाली, पण भाषा तर दळणाच्या अभंगांचीही नवीच आहे, ते तुम्हीच मागच्या तासाला सांगितले. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दासीने जात्यावर गावे, पुराण सांगू नये, ही कसोटी जेरोम यांच्या चारांत नाही. ती माझी होती, आणि इतकी वर्षे मी तिला भाषाशास्त्र म्हणत होते. ती आख्याने कोणत्या जनीची, हे मला आजही सांगता येत नाही. आता ती मी जनाबाईच्या अभंगांबरोबरच, त्याच आठवड्यात शिकवते.